ही माझी कोण लागते

नदीचं नाव लग.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
कुणाचं तरी क्रियापद अर्ध्यात तुटलंय.

शनिवारी सकाळी पुलाखाली आम्ही तिघं.
विनिफ्रेड प्रॉसर, वय ब्याऐंशी,
पायात गेलेल्या नवऱ्याचे गमबूट,
मोज्यांचे दोन जोड घालून मापात आणलेले.
घंटा वाजवणारा क्लेम, मुका नाही, पण बोलत नाही.
आणि मी, मार्था भिंगारदिवे, मूळ राहुरीची,
लेमस्टरच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं
लोकांची लघवी तपासून निवृत्त.
आता नदीची तपासते.

बाटली बुडवायची. दहा मिली.
पुडी टाकून हलवायची,
मग पाच मिनिटं थांबायचं.
विनिफ्रेड घड्याळ बघत नाही,
प्रभूची प्रार्थना सावकाश नऊ वेळा म्हणते.
चार सेकंद इकडेतिकडे, जास्त नाही.

पाणी निळं होत जातं.
सुंदर दिसतं, हेच वाईट.
जितकं निळं तितकं तिच्या पोटात खत,
कोंबड्यांच्या शेडांतून शेतात,
शेतातून पावसाबरोबर उतारावरून खाली.
जुलैत मग ती हिरवी, दाट, शिळ्या रश्शासारखी,
आणि विनिफ्रेड हातानं दाखवते,
इथपासून तिथपर्यंत पांढरी फुलं असायची पाण्यावर,
लग्नात मी तीच माळली होती.

फोनवर रिबका विचारते राहुरीहून,
एवढ्या थंडीत उतरतेस तिच्यात,
ती नदी तुझी कोण लागते गं?

सप्टेंबरात सुगीची उपासना.
वेदीपाशी भोपळे, सफरचंदं, डबाबंद टोमॅटो.
आमच्याकडे या दिवशी देवळाच्या अंगणात
बाबा लिलाव पुकारायचे:
पहिलं वांगं, पहिली कणसं,
आणि एका साली एकच अंडं,
जे पाच जणांनी आळीपाळीनं विकत घेतलं
आणि पाचही जणांनी परत देवालाच दिलं.
शेवटी कुणी खाल्लं, आठवत नाही.
इथं अंडी टेड वॉटकिन्सची, तीस डझन.
दानाची थाळीही तोच फिरवतो.
ओढ्याच्या वरच्या अंगाला चार लांब शेडा आहेत,
त्याही त्याच्याच.

पाळकबाई म्हणाल्या, आपापलं पाप आठवू या.
मी टेडची मान आठवली. पुढच्याच बाकावर होती.
तांबडी, उन्हानं रापलेली, नुकती कातरलेली.
बराच वेळ आठवत राहिले.
मग मागच्या हॉलमधून वास आला.
माझंच पातेलं. चाळीस माणसांची अंडाकरी.
अंडी त्याचीच, फुकट मिळाली म्हणून
हसत हसत घेऊन आले होते.

कोटाच्या खिशात कालची बाटली राहून गेली होती.
उठले, आणि भोपळा नि अंड्यांच्या मध्ये ठेवून आले.
ठरवून नाही. हेही इथलंच पीक,
एवढंच काहीसं डोक्यात होतं.

उपासना संपल्यावर टेडनं ती उचलली,
खिडकीच्या उजेडात धरली.
"माझं?"
मी म्हटलं, "आपलं."
तो काही बोलला नाही. करी मात्र दोनदा वाढून घेतली.

पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही.

रिबकाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.
आपल्याकडे चुलत, मावस, मामे, आते,
सासरच्या सासरचं नातं सांगायलाही शब्द आहे.
आपल्या घरची घाण जिच्या पदरात पडते,
आणि जी तरीही दारावरून वाहत जाते,
तिला काय म्हणायचं?
परकी तर म्हणवत नाही.

आज धुकं आहे. क्लेमनं बाटली हलवली.
पुलावर एक जीप येऊन थांबलीय केव्हाची,
इंजिन चालू, दार बंद.
विनिफ्रेड डोळे मिटून म्हणतेय.
सातवी.
आठवीच्या मध्यावर इंजिन बंद झालं.
पाणी निळं होऊ लागलंय.
नववी अजून बाकी आहे.